पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आणि जावातलं वायांग: नातं नेमकं काय?

शाळामास्तर_कुडाळ

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत मी शिकवतो. पिंगुळी आम्हाला जवळ, त्यामुळे दरवर्षी चौथीची मुलं घेऊन तिथे जातो. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट गायची), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तिन्ही कला तिथल्या ठाकर समाजाने जपल्यात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून बाहेरची माणसंही चौकशी करत येतात.

यंदा तिथून परत आल्यावर वर्गातल्या एका मुलीने मोबाइल आणून दाखवला. तिचा बाबा जहाजावर असतो. इंडोनेशियातल्या जावा बेटावर सुराबायाच्या बंदरात जहाज लागलं असताना त्याने रात्री कुठेतरी वायांग, म्हणजे तिकडचा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, बघितला आणि व्हिडिओ पाठवला. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि पडद्यावर एक धिप्पाड काळा माणूस. अंगठ्याचं नख हे एवढं वाढलेलं. बाबाने खाली लिहिलंय, "हा भीम आहे म्हणे." मुलगी मला विचारते, "गुरुजी, आपला भीम तिकडे कसा गेला? पिंगुळीतून नेला काय?"

मला उत्तर देता आलं नाही. शोधून सांगतो म्हणालो. पोरांना थातूरमातूर काही सांगायचं नाही, म्हणून इथे विचारतोय. त्यांच्या आणि आपल्या बाहुल्यांचं खरंच नातं आहे का? कोणी कोणाकडून घेतलं?

समुद्रपक्षी

गुरुजी, यात कोडं कसलं? रामायण-महाभारत आपलं, तर खेळही इथूनच गेला. आपले व्यापारी जावा-सुमात्रापर्यंत जात होते, सोबत ब्राह्मण गेले, कलाकार गेले. जावातल्या प्रंबाननच्या देवळावर अख्खं रामायण कोरलंय. मुलांना अभिमानाने सांगा, हे सगळं आपलंच.

वेंगुर्ल्याची_लेक

नमस्कार गुरुजी. माझं माहेर वेंगुर्लं. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली अकरा वर्षं जावातल्या योग्याकार्तात राहते. इथले लोक लाडाने जोग्जा म्हणतात. चार वर्षांपासून दर शनिवारी बांतुल जिल्ह्यातल्या पुचुंग गावात चामड्याच्या बाहुल्या कोरायला शिकतेय. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

त्या मुलीला आधी हे सांगा की बाबाने पाठवलेला भीमच आहे. इथे त्याला बिमा म्हणतात, आणि दुसरं नाव वर्कुदारा. मोठ्याने म्हणून बघायला सांगा: वर्कुदारा, वृकोदर. त्या वाढलेल्या नखाला पंचनाका म्हणतात, ते त्याचं शस्त्र. जावानीज भाषेत माणूस बघून भाषा बदलते. मोठ्यांशी बोलायची वेगळी, बरोबरीच्यांशी वेगळी, शब्दच्या शब्द निराळे. बिमा मात्र राजा असो, गुरू असो, देव असो, सगळ्यांशी एकच साधी अरे-तुरेची भाषा बोलतो आणि कोणापुढे वाकत नाही. अपवाद एकच. द्रोण त्याला अमृतजल आणायला पाठवतो, तेव्हा समुद्रात त्याला तळहाताएवढा एक देव भेटतो, दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा. नाव देवा रुची. तो म्हणतो, माझ्या कानातून आत ये. एवढा मोठा बिमा त्या इवल्या कानातून आत जातो आणि आत त्याला सगळं विश्व दिसतं. त्या देवापुढे तो वाकतो, आणि तिथेच त्याची भाषाही बदलते. मी पहिल्यांदा हा खेळ बघितला तेव्हा शेजारी बसलेल्या आजीबाई डोळे पुसत होत्या. ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही. ती जावातच जन्मली.

समुद्रपक्षी दादा, रागवू नका, पण "सगळं आपलंच" हे मला पटत नाही. इथे आले तेव्हा मीही तसंच म्हणायचे. मग कोरायला शिकताना एक गोष्ट लक्षात आली. पात्रांची नावं ऐकली तर अर्जुना, क्रेस्ना, द्रुपदी, गातोत्काचा, सगळी ओळखीची. पण हत्यारांची आणि सामानाची नावं विचारली तर एकही ओळखीचं नाही. पडद्याला केलिर. दिव्याला ब्लेंचोंग. बाहुल्या ठेवायच्या लाकडी पेटीला कोताक. त्या पेटीवर ठोके द्यायच्या लाकडी ठोकळ्याला चेम्पाला. खेळवणाऱ्याला दालांग. आणि वायांग हा शब्दही त्यांचाच, मुळात सावलीला म्हणतात. १८९७ मध्ये हाझेउ नावाच्या डच अभ्यासकाने याच शब्दांवर बोट ठेवून मांडलं होतं की हा खेळ मूळचा जावाचा. काही अभ्यासकांनी त्याउलट, सावल्यांचा खेळ भारतातूनच आला असं मांडलं, आणि तो वाद मिटलेला नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर सुतारकामातले शब्द ज्या भाषेतले, सुतारकी तिथली, असं मी समजते. गोष्ट समुद्रावरून आली, ती ज्या हातांत पडली ते हात आधीच काहीतरी करत होते.

आणि गोष्ट येऊनही किती काळ लोटला बघा. इ.स. ९०७ च्या एका कोरीव लेखात देवांसाठी वायांग केल्याचा उल्लेख आहे, आणि तेव्हाही गोष्ट बिमाचीच. महाभारत-युद्धावरचं त्यांचं भारतयुद्ध हे काव्य ११५७ चं, म्पू सडाह आणि म्पू पनुलुह या दोन कवींनी रचलेलं. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सव्वाशे वर्षं आधी जावातला कवी आपल्या भाषेत कुरुक्षेत्र रचत होता. इतक्या वर्षांनी ती गोष्ट "आपली, त्यांच्याकडे ठेवलेली" राहत नाही.

त्यांनी काय काय बदललं हे ऐकून तुमची मुलं वाद घालतील, घालू द्या. वायांगमध्ये द्रुपदीला एकच नवरा, थोरला धर्मराज. शिखंडीची झाली स्रिकांदी, ती बाई आहे, धनुर्धारी आहे आणि अर्जुनाची बायको आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं पदक मिळालं ते तिरंदाजीत, तीन मुलींनी मिळवलेलं रौप्य. त्या तिघींना लोक स्रिकांदीच म्हणतात. घटोत्कच आपल्याकडे एका रात्रीचा धनी. इथे तो उडणारा वीर, तारेच्या स्नायूंचा आणि लोखंडी हाडांचा. १९९५ मध्ये देशात बनलेलं विमान आकाशात गेलं, तेव्हा त्याला गातोत्काचाचंच नाव दिलं.

सर्वांत मोठा बदल म्हणजे सेमार. ढेरपोट्या, बुटका, डोक्यावर एक शेंडी, डोळे रडवे आणि तोंड हसरं. तो पांडवांचा नोकर. त्याची तीन पोरं: गारेंग, पेत्रुक आणि बागोंग. मध्यरात्रीच्या सुमाराला गोरो-गोरो म्हणून भाग येतो, पृथ्वी डळमळते, आणि मग ही चौकडी येऊन गाते, भांडते, गावातल्या रस्त्याच्या खड्ड्यांपासून तांदळाच्या भावापर्यंत बोलते. पण हा नोकर मूळचा देव आहे, बतारा गुरू म्हणजे शंकराचा थोरला भाऊ. राजपुत्र अडले की त्याच्याकडे येतात. शेजारचे काका मला म्हणाले होते, पांडव नसले तरी खेळ होईल, सेमार नसला तर होणार नाही. मला दशावतार आठवला. आजीच्या मांडीवर झोपायचं, संकासुर आला की तिने हलवून उठवायचं. इथे गोरो-गोरोला आया पोरांना तशाच उठवतात.

आणि हे सगळं करणारा दालांग बहुतेक वेळा मुसलमान असतो. रात्रभर मांडी घालून बसतो, सगळ्या पात्रांचे आवाज एकटा काढतो, हाताने बाहुल्या, पायाने पितळी पत्रे वाजवतो. जावात इस्लाम पसरवणाऱ्या वलींपैकी, म्हणजे संतांपैकी, सुनान कालीजागाने वायांगमधून धर्म सांगितला, असं परंपरा मानते. धर्मराजाजवळ कालीमासदा नावाचं एक दिव्य पुस्तक असतं, आणि बरेच लोक त्या नावात कलमा ऐकतात. कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

धारवाडकर

वाचून आनंद झाला. एक भर घालतो, कारण ही गोष्ट मराठी लोकांनाच माहीत नसते.

आमच्या कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांना तोगलु गोंबे म्हणतात. खेळ करणारे लोक किळ्ळेक्यात. खेळातला विनोदी माणूसही किळ्ळेक्यात, आणि त्याची बायको बंगारक्का. खेळ कन्नडमध्ये चालतो, पण या लोकांची घरची बोली मराठीची. लहानपणी आमच्या गावात ते यायचे. दिवसा त्यांच्या बायका आपसात बोलायच्या ते मला कळायचं, तेव्हा फार नवल वाटायचं. आंध्रातल्या तोलु बोम्मलाटा करणाऱ्यांचं तेच, आणि तामिळनाडूतले चामडी बाहुल्यांचे मंडीकर लोकही घरी मराठीच बोलतात. केरळचं तोलपावकूत्तू मात्र वेगळं, ते भद्रकालीच्या देवळासमोर, देवीने बघावं म्हणून. दारुकाशी लढत असल्याने तिला राम-रावण युद्ध बघायला मिळालं नव्हतं, म्हणून तिच्यासाठी ते रात्रीमागून रात्री उभं करायचं. पडद्यामागे नारळाच्या करवंट्यांत एकवीस दिवे.

तेव्हा गुरुजी, जावाकडे बघताना मधले हे सगळे मुक्काम मुलांना नकाशावर दाखवा. पिंगुळी काही एकटी नाही.

समुद्रपक्षी

ताई, राग कसला. सेमार हे मला माहीतच नव्हतं. शंकराचा मोठा भाऊ, आणि नोकर! एक विचारतो, आपले खेळवाले आता मोजकेच उरलेत, मग तिकडे हे इतकं टिकलं कसं?

शाळामास्तर_कुडाळ

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही लिहिलेलं काल वर्गात वाचून दाखवलं. "वर्कुदारा, वृकोदर" वर पोरं इतकी खूश झाली की दिवसभर एकमेकांना तीच हाक मारत होती. धारवाडकर दादांचा घरच्या मराठीचा मुद्दा मी फळ्यावर नकाशा काढून दाखवला.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, चित्रकथीसारखं काही तिकडे आहे का? म्हणजे आमच्याकडे पोथी असते, कागदावरची रंगीत चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, एकेक पान उभं धरून दाखवायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गोष्ट गायची. दुसरं, शाळेत पोरांकडून एक छोटा सावल्यांचा खेळ करून घ्यायचा म्हणतो. चामडं परवडणार नाही आणि कापताही येणार नाही. काय वापरू?

वेंगुर्ल्याची_लेक

गुरुजी, चित्रकथीचं नाव काढलंत आणि अंगावर काटा आला. आहे. त्याला वायांग बेबेर म्हणतात. लांब चित्रांच्या गुंडाळ्या, दोन बाजूंना काठ्या, एका काठीवरून सोडत दुसरीवर गुंडाळत न्यायचं आणि एकेक प्रसंग सांगायचा. पंधराव्या शतकात चिनी ताफ्याबरोबर आलेल्या मा ह्वानने जावातली हीच गोष्ट लिहून ठेवलीय: माणूस चित्रं उलगडत बसलाय, लोक भोवती कोंडाळं करून ऐकतायत, मध्येच हसतायत, मध्येच रडतायत. आता जुन्या गुंडाळ्या उरल्यात त्या पाचितान आणि गुनुंगकिदुल या भागांत, एकेका घराण्याकडे. त्यांतली गोष्ट पंजी राजपुत्राची, ती महाभारतातली नाही. म्हणजे पोथी-चित्रं दाखवत गोष्ट सांगायची तऱ्हा सारखी, गोष्ट पूर्ण त्यांची.

समुद्रपक्षी दादा, टिकलं कसं याचं एका ओळीत उत्तर नाही. योग्याकार्ता आणि सुराकार्ताच्या राजवाड्यांनी जपलं हे खरं. युनेस्कोने २००३ मध्ये मान दिला हेही खरं. पण मला दिसतं ते असं: इथे खेळ कोणाच्या तरी कामासाठी होतो. लग्न, सुंता, सुगी, गावाच्या शुद्धीचा विधी. एकुलत्या एका मुलावर संकट येऊ नये म्हणून रुवातान नावाचा खास खेळ लावतात. खेळ लावणारं घर पैसे देतं आणि गावाला जेवायला घालतं. बघायला तिकीट नसतं. लोक मध्येच उठून चहा पितात, पोरं झोपतात, कोणी पडद्याच्या सावलीच्या बाजूला बसतं, कोणी दालांगच्या पाठीमागे जाऊन रंग बघतं. आपल्याकडे जत्रेतला दशावतार अजून उभा आहे तोही याच कारणाने, नाही का? जत्रा आहे म्हणून नाटक आहे. पिंगुळीच्या खेळाला सावंतवाडी संस्थानचा आधार होता, तो गेला, आणि घरचं कार्य म्हणून खेळ लावणारं कोणी राहिलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. माहेरी गेले की मी हे सगळ्यांना बोलून दाखवते: घरात बारसं असेल, वास्तुशांत असेल, डीजेच्या निम्म्या पैशांत चित्रकथी बोलवा.

आता खेळाबद्दल. आधी मी शिकते ते सांगते, म्हणजे काय सोडायचं ते तुम्हाला कळेल. म्हशीचं कातडं भिजवून चौकटीवर ताणतात, उन्हात वाळवतात, मग दोन्ही बाजूंनी खरवडत राहतात, दिवा धरला तर पलीकडचा उजेड दिसेल इतकं. जुनी बाहुली खाली ठेवून तिची रेघ काढतात. मग तातह, म्हणजे बारीक छिन्न्या, काही तर सुईएवढ्या. टोक मेणात बुडवायचं, लाकडी हातोडीने एकच ठोका, छिन्नी उचलायची, केसभर सरकवायची, पुन्हा ठोका. माझे गुरू म्हणतात, ठोका ऐकून कळतं कोणाचं मन कुठे आहे. चेहरा शेवटी. अर्जुनाची मान खाली, डोळा भाताच्या दाण्यासारखा लांबट, कारण तो सौम्य. बिमाचा डोळा गोल. पहिल्या वर्षी मी अर्जुनाचा डोळा एक ठोका जास्त उघडला. गुरूंनी बाहुली उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हा आता दुसरा कोणीतरी झाला." ती बाहुली मी ठेवलीय, भिंतीवर आहे. शेवटी म्हशीच्या शिंगाची काडी दिव्यावर गरम करून वाकवत अंगाला बसवतात.

तुमच्या मुलांसाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्म घ्या. गावातल्या दवाखान्यात मागितल्या तर मिळतील. शाळेच्या कात्रीने कापल्या जातात, आणि कापलेल्या भोकांवर रंगीत जिलेटिन चिकटवलं तर सावलीत रंग येतो. डोळा, दागिने, वस्त्राची नक्षी कोरायला पंचिंग मशीन चालेल. खांदा आणि कोपर हे दोन सांधे ठेवा, दोऱ्याची गाठ दोन्ही बाजूंनी मारायची. काड्या माडाच्या हिराच्या, एक अंगाला आणि एकेक दोन्ही हातांना. पडद्याला कोणाच्या तरी आजोबांचं पांढरं धोतर, घट्ट ताणून. खाली केळीचा खांब आडवा टाका. इथेही तेच करतात. ज्या पात्रांचं काम नसतं ती त्या खांबात खोचून उभी ठेवायची, खेळवणाऱ्याच्या उजवीकडे सौम्य, डावीकडे रागीट. मुलांना हात मोकळे राहतात आणि सगळी पात्रं डोळ्यांसमोर असतात.

दिव्याबद्दल मात्र आग्रहाने सांगते. बल्ब लावला तर सावली मेल्यासारखी उभी राहते. जमलं तर तेलाची मोठी वात लावा, मोठ्या माणसाच्या देखरेखीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून. ज्योत हलते तेव्हा बाहुली न हलवताही श्वास घेते. मुलांना एकदा दोन्ही दाखवा, म्हणजे ती तुम्हाला बल्ब लावू देणार नाहीत.

सुरुवातीला गुनुंगान ठेवा. तो पानासारख्या आकाराचा, डोंगर आणि झाड एकत्र कोरलेला. पडद्याच्या मधोमध उभा असतो. तो उचलला की गोष्ट सुरू, पुन्हा मधोमध रोवला की संपली. वारा, आग, समुद्र, सगळं तोच दाखवतो. तुमच्याकडे पोथीत आधी गणपतीचं पान येतं ना? मुलांनी दोन्ही करावं.

शाळामास्तर_कुडाळ

ताई, देव बरे करो. एक्स-रेच्या सत्तावीस फिल्म जमल्या. धोतर मिळालं. गोष्ट मुलांनी निवडली, देवा रुचीची. अडचण एकच, भीम मोठा कापून झालाय आणि तळहाताएवढा देव हुबेहूब त्याच्यासारखा हवा, पण कात्रीने इतकं बारीक जमत नाही. परवा पिंगुळीला जाऊन आलो. तिथल्या एका आजोबांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी दोनदा ऐकली, मग आत जाऊन चामड्याचा एक तुकडा आणि आपली छिन्नी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, तो मोठा भीम इकडे आणा, बघून तसाच करून देतो. शनिवारी घेऊन जातोय. ज्या मुलीच्या बाबाने व्हिडिओ पाठवला, तिला सोबत नेतो.

वेंगुर्ल्याची_लेक

शनिवारी मीही पुचुंगलाच असेन. झाला की दोघांचा फोटो टाका, गुरूंना दाखवते. आणि नख विसरू नका, लहानग्यालाही हवं.